बंदच आहे, काका

आमच्या गाडीनं चार लाख किलोमीटर कापलेत. दादा म्हणतो, भंगारात काढ. मी मात्र दर रविवारी पॉलिश घासून तिला नव्यासारखी ठेवते.

काल तिच्यातून घरघर ऐकू आली, म्हणून आज भरदुपारी गॅरेज गाठलं. शेजारी कुणी पत्रा ठोकत होतं. मेकॅनिककाका जुन्या वळणाचे. इंजिन चालू ठेवून त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. बिघाड ते असाच शोधतात.

"बंद करा, ताई."

मी बंद केलं. ते कान काढेनात.

"अहो, बंद करा म्हटलं ना!"

"बंदच आहे, काका." मी किल्ली दाखवली.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी स्क्रूड्रायव्हरची मूठ माझ्यापुढे केली.

मी कान लावला. आत कुणीतरी श्वास घेत होतं. संथ, दमलेल्या म्हाताऱ्या माणसासारखा.

माझा विश्वासच बसेना. नीट ऐकू यावं म्हणून मी श्वास रोखून धरला.

त्याच क्षणी आतलाही श्वास थांबला, नीट ऐकू यावं म्हणून रोखून धरावा तसा.