वल्हं वर

सकाळी आठला तुडीलजवळ सावित्री नदीत कॅनो पोलोची निवडचाचणी सुरू झाली. राज्य संघातली शेवटची जागा सेजलला किंवा मानसीला मिळणार होती. सेजल कारखान्यातली रात्रपाळी संपवून थेट होडीत बसली. होडीतून चेंडू फेकायचा हा खेळ गावात तिनंच आणला. आता चाळीस मुली खेळतात. मानसीलाही तिनंच शिकवलं. पाण्यावर टांगलेल्या गोलपोस्टखाली सेजलनं गोल अडवायला वल्हं उंच धरलं, पण रात्रभर पिंपं हलवून हात भरून आले होते, वल्हं झुकलं. नेम धरून मानसी ओरडली, “ताय, वल्हं वर घे गो!” वल्हं वर गेलं, चेंडू त्यावर आपटून परतला. “अगं, तू कुणाकडून खेळतेस?” प्रशिक्षक कडाडले. “तायनंच लावलेली सवय हाय, सर. कुणाचंबी वल्हं झुकलं की ओरडायचं.” दुपारपर्यंत निवड जाहीर झालेली नाही. सेजल होडीतच झोपलीय आणि मानसी कुणालाच तिला उठवू देत नाही.