करंगळीचा डाग

जुने बँजो आणि मँडोलिन जमवायचं त्याला वेड, आणि हाती आलेलं वाद्य लखलखीत केल्याशिवाय चैन पडायचं नाही. चिमुरडी लेक तापात गेली, तेव्हाही जीव कशात तरी गुंतवायचा म्हणून त्याने तिच्या लाडक्या बँजोच्या गोल तोंडावरचं जुनं कातडं काढून नवंकोरं चढवलं.

बाकीच्या बोटांनी तारा छेडताना ती तारांच्या बाजूला, कातड्यावर करंगळी टेकवायची. तिथे पडलेला काळपट डागही जुन्या कातड्याबरोबर कचऱ्यात गेला.

"तेवढीच खूण उरली होती तिची," बायको म्हणाली. "तीही साफ केलीत." त्यानंतर ती वाद्यांच्या खोलीत फिरकली नाही.

त्याने बँजो काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. पुढे कधीतरी पुसायला काढला, तर नव्या पांढऱ्या कातड्यावर, अगदी त्याच जागी, फिकट डाग. तो न पुसताच त्याने फडकं खाली ठेवलं.

वर्षं सरली. डाग गडद होत गेला, आणि हळूहळू तारांपासून लांब सरकत गेला. शेवटी न राहवून त्याने बायकोला बोलावलं.

"डाग असा सरकतो का गं कधी?"

तिने डागावर बोट टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"अहो, हात वाढतोय तिचा."