लाल बटणाचे दहा गुण

हाताने केलेलं माणूस जन्मात विसरत नाही, असं संस्थेच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलं होतं. त्या भिंतीखाली बसून कारखान्याने पाठवलेले तीस कामगार सहा महिने कंट्रोलर, म्हणजे मशीनला कधी चालायचं नि कधी थांबायचं ते सांगणारी डबी, शिकले, आणि एकाचाही हात कंट्रोलरला लागला नाही. संस्थेत कंट्रोलर नव्हताच. फार महाग असतो, असं सर म्हणत. त्याचा फोटो मात्र होता. रंगीत, सोनेरी चौकटीत.

निकालाच्या दिवशी फ्यूजताई आपला पेपर घेऊन सरांच्या टेबलासमोर उभी राहिली. कारखान्यात फ्यूज उडाला की पहिली हाक हिलाच जाई, इलेक्ट्रिशियनला नंतर. त्यावरून हे नाव पडलेलं. हुद्दा पॅकिंगचाच. पास झाली तर सोमवारी मेंटेनन्सला जाणार होती, नाहीतर पुन्हा खोकी. पास व्हायला पन्नास लागत होते. तिला सेहेचाळीस होते, आणि प्रश्न पाचमध्ये दहापैकी भोपळा.

"अहो, सगळ्यात सोपा प्रश्न तो," सर म्हणाले. "हिरव्या बटणाने माल वाहणारा पट्टा चालू, लाल बटणाने बंद. मी फळ्यावर तीनदा काढून दिलेलं. एकोणतीस जणांनी तसंच्या तसं उतरवलं. तुम्हालाच काय दुर्बुद्धी सुचली?"

फ्यूजताईने पिशवीतून एक लाकडी फळी काढली आणि पेपरांच्या गठ्ठ्याशेजारी ठेवली. फळीवर स्क्रूने बसवलेली, साबणाच्या दोन वड्यांएवढी राखाडी डबी, दोन बटणं आणि मोटरच्या जागी एक दिवा.

"हे काय?"

"फोटोतलं."

सरांनी चष्मा वर सरकवला. "कुठून आणलंत?"

"मोडीत काढलेल्या मशीनचं सामान विकतात तिथून. तुमच्या त्या चौकटीला जेवढे पडले असतील तेवढ्यात आलं. आमच्या जाऊबाई म्हणाल्या, एवढ्यात मिक्सर आला असता." तिने वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचली. "यात तुमचं उत्तर भरलंय. चालवा."

सरांनी हिरवं बटण दाबलं. दिवा लागला. लाल दाबलं. विझला. सरांचा चेहरा लहान मुलासारखा खुलला. अकरा वर्षं ते हे शिकवत होते. चालताना पहिल्यांदाच बघत होते.

"बघा," ते म्हणाले. "बरोबर आहे की."

"पुन्हा लावा."

दिवा लागला. फ्यूजताईने लाल बटणामागची तार चिमटीत धरून उपटली.

"आता थांबवा."

सरांनी लाल बटण दाबलं. मग जोरात दाबलं. मग अंगठ्याने दाबून धरलं. आत माणसं असूनही कुणी दार उघडत नाही अशा घराची बेल वाजवावी, तसे ते दाबत राहिले. दिवा जळतच होता.

"तुमच्या उत्तरात बटण दाबलं की डबीला ‘थांब’ असा निरोप जातो. तार तुटली की निरोप खुंटला," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता; चढला असता तर सरांना बरं वाटलं असतं. "माझ्या उत्तरात ‘सगळं ठीक’ हा निरोप कायम चालू असतो, बटण दाबलं की तुटतो. तार तुटली तरी तुटतो, आणि पट्टा थांबतो. गेल्या वर्षी कारखान्यात लाल बटणाची तार उंदराने कुरतडली होती. जाऊबाई लाल बटण असंच दाबत होत्या. डाव्या हाताने. उजवा पट्ट्यात होता."

सरांनी अंगठा उचलला. थोडा विचार केला.

"पण प्रश्नात तार तुटल्याचं दिलेलं नाही," ते म्हणाले.

फळी उचलून यांच्या डोक्यात घालावी असं फ्यूजताईला मनापासून वाटलं. पण फळीवर कंट्रोलर होता.

"दहा गुण द्या," ती म्हणाली.

सर उठले, दार लोटून आले. "ताई, तुमचं बरोबर आहे," त्यांनी आवाज खाली आणला. "पण तुम्हाला दिले तर बाकीच्या एकोणतीस जणांचे कापावे लागतील. निम्मे गळतील."

"मग कापा."

"अहो, सोमवारी कामाला लागायचंय त्यांना."

"म्हणूनच म्हणतेय."

सरांनी चष्मा पुसला. मग त्यांना वाट सापडली. तिचा पेपर ओढून घेऊन शेवटच्या पानावर त्यांनी लाल शाईत लिहिलं: सुवाच्य अक्षर, चार गुण.

"झाले पन्नास. आता तरी हसा."

"आणि प्रश्न पाच?"

"पास झालात ना? मग आता प्रश्न कसला?"

चार गुण त्यांच्या तोंडावर फेकता आले असते. पण मग पट्ट्याची जोडणी त्या एकोणतीस जणांच्याच हाती राहिली असती, आणि जाऊबाई अजून त्याच पट्ट्यावर होत्या, उरलेल्या हाताने. फ्यूजताईने गुण मान्य असल्याची सही केली. इतकी दाबून केली की खालच्या तीन पेपरांवर ती उमटली.

सोमवारी यादी लागली. तीसच्या तीस मेंटेनन्सला. क्रम गुणांप्रमाणे लावलेला, त्यात फ्यूजताई तिसावी. तिच्या हातची प्रत्येक जोडणी तपासून सही करायचं काम पहिल्या आलेल्याकडे दिलं होतं. त्याला प्रश्न पाचमध्ये दहापैकी दहा होते.