फुग्याची चेन

“श्वास आत ओढ आणि गप्प उभा राहा,” मावशी म्हणाली. “किती वळवळतोयस!”

श्वास आत ओढून काय होणार, कपाळ! पोट त्याचं नव्हतंच. ते फोमचं होतं. हातांना सुजल्यासारखे पंजे, मानेला वळ्या, आणि सगळ्यावर ताणून बसवलेलं गुलाबी कापड. आतला माणूस म्हणाल तर नुसती काडी. पण ही काडी आत शिरली की ‘फुगा पैलवान’ तयार व्हायचा, आणि फुगा नुसता चालला तरी माणसं पोट धरधरून हसायची. पहिल्या सिनेमात फुगा सगळ्या कुस्त्या हरला होता. ह्या दुसऱ्यात शेवटी एक जिंकणार होता.

तोच शेवटचा शॉट आज होता. आणि आजच बाबांचं ऑपरेशन.

सकाळी बहिणीचा फोन आला होता. “दादा, संध्याकाळी आत नेतील त्यांना. हृदयाचं आहे, डॉक्टर काही खात्री देत नाहीत. त्याआधी तुला बघायचंय म्हणाले.”

“माझं नाव घेतलं?”

“नाव नाही रे. ‘त्याला’ म्हणाले. पण म्हणाले!”

बाबा म्हणजे वस्ताद. उभा जन्म पोरांना कुस्ती शिकवण्यात गेलेला. स्वतःच्या मुलाला मात्र त्यांनी कधी पैलवान म्हटलं नाही, काडीच म्हणायचे. लहानपणी एकदा तो कुस्ती अर्धी टाकून रडत पळाला, तर महिनाभर अबोला. पहिला सिनेमा पाहून आले आणि एवढंच बोलले, “कुस्तीचं माकड केलंस.” त्यानंतर आजतागायत चकार शब्द नाही.

म्हणून जेवणाच्या सुट्टीत त्याने ठरवून टाकलं. शॉट गेला खड्ड्यात. हे सोंग उतरवायचं आणि सुटायचं.

सोंग चढवायचं-उतरवायचं काम मावशीचं. चेन पाठीवर, त्याला ती दिसतही नसे. फोनसुद्धा मावशीकडेच असायचा, त्या पंज्यांनी तो धरणार कसा? “ये, मोकळा करते तुला,” असं म्हणून ती उठलीही होती. तेवढ्यात फोन वाजला. मावशी तो कानाला लावून बाहेर गेली आणि आली ती डोळे पुसतच.

“तुझ्या घरचा होता. वाट बघतायत.”

आणि नेमकी तेव्हाच चेन अडकली.

साबण झाला. मेणबत्ती घासून झाली. तेल झालं. मावशीचं “निघेल रे, निघेल” चालूच होतं.

“काप ना मग!” तो ओरडला.

“कात्री सापडेना मेली.” मावशी स्टुलावर बसली.

“कपड्यांच्या खोलीत कात्री नाही?”

दारातून दिग्दर्शकाने डोकं आत घातलं. “अडकली? अरेरे!” तो म्हणाला, पण चेहरा असा फुलला होता की बघायलाच नको. “मग अडकलाच आहेस तर शॉट देऊन टाक की! उद्यापासून शूटिंगचा हॉल दुसऱ्याचा आहे. आज नाही झालं, तर फुगा जिंकतच नाही बघ.”

“ह्याचंच कारस्थान आहे हे,” दिग्दर्शक गेल्यावर तो मावशीवर उखडला. “आणि तू त्याला सामील आहेस!”

तिने त्याच्या कपाळावरचा घाम टिपला.

तो तसाच धावत फाटकाशी गेला. गाडीचं दार उघडलं, डोकं आत घातलं, आणि पोट दारात बसलं ते बसलंच. ना आत, ना बाहेर. फाटकावरच्या गर्दीला तर पर्वणीच मिळाली. “फुगा! फुगा!”

“अहो, माझे वडील दवाखान्यात आहेत!” तो आतून कळवळला.

लोक अजूनच खदखदले. एक बाई म्हणाली, “काय बाई करतो हा! परत म्हण ना!”

शेवटी मावशीनेच मागून धरून त्याला ओढून काढलं. आणि आत बसला असता तरी काय? ह्या अवतारात बाबांसमोर उभा राहणार? माकड बघायला थोडंच बोलावलं होतं त्यांनी! तो मान खाली घालून हॉलकडे वळला. एवढं अडकल्यासारखं त्याला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

शॉट झाला. फुगा घसरला, गडगडत गेला आणि समोरच्या डोंगराएवढ्या, राक्षसासारख्या मल्लावर असा काही कोसळला की राक्षस चीतपट! हसायला म्हणून बसवलेली माणसं उभी राहून टाळ्या पिटत होती. दिग्दर्शक नाचत होता. फुगा तेवढा रडत होता, आणि तेही सगळ्यांना फार आवडलं.

बाहेर अंधारून आलं होतं. तो खोलीत घुसला. “दाताने फाड, मावशी, पण काढ!”

मावशी स्टुलावरून उठली. ती बसली होती तिथेच कात्री पडलेली होती. तिने त्याला पाठमोरा केला, चेन धरली आणि एका ओढीत सर्रकन खाली आणली.

तो वळला.

“अडकली नव्हती रे,” मावशी म्हणाली. “दुपारचा तो फोन तुझ्या बहिणीचा नव्हता, वस्तादांचा होता. म्हणाले, त्याला कपडे तुम्हीच चढवता ना, मग तुमच्याच हातात आहे. आमचा पैलवान कुस्ती अर्धी टाकून निघेल, निघू देऊ नका. निकाल लागला की पाठवा. तोवर मी थांबतो.”