वीसपैकी तीन

“सोमवारी हजर होतो म्हणून डेपोला कळवलंय,” नापाससाहेब म्हणाले. “तुमची सही तेवढी राहिली, डॉक्टर.”

बस चालवायला येणाऱ्यांची परीक्षा घेण्यात त्यांची एकवीस वर्षं गेली. दहातले सहा नापास. नाव चालकांनीच ठेवलेलं, आणि साहेबांना ते मनातून आवडायचं. डोक्याला मार बसून आठ महिने झाले. आता चालतात, बोलतात, शेजाऱ्यांच्या चुका काढतात. फक्त डावीकडचं जग त्यांच्या लेखी उरलेलं नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते आणि वर बायकोलाच ऐकवतात, “आज भाजी केलीच नाहीस?” उणीव आहे हेच त्यांना पटत नाही. दुखणंच तसलं.

गेल्या आठवड्यात त्यांनी गाडी फाटकाच्या डाव्या खांबावर घातली. शेजारची पोर थोडक्यात वाचली. बायकोने त्यांच्या नकळत डॉक्टरांना फोन केला. “डॉक्टर म्हणून मला आरटीओला कळवावंच लागेल,” डॉक्टर म्हणाल्या, “पण लायसन त्यांनी आपणहून सोडलं तर बरं. एक युक्ती करू?” बायको हो म्हणून बसली.

आता डॉक्टरांनी एक कागद पुढे सरकवला. नाव झाकलेलं. “साहेब, आधी या चालकाचा निकाल सांगा. पडद्यावर रस्ता दाखवून चाचणी घेतली.”

“ती? मीही दिली की परवा. पोरखेळ आहे.”

“उजवीकडून वीस माणसं आडवी आली. वीसही दिसली. डावीकडून वीस आली, दिसली तीन.”

“तीन! म्हणजे सतरा जण गेले की वर!”

“स्वतःला ठणठणीत समजतो.”

“सगळेच समजतात. बस कसली, याच्या हाती हातगाडी देऊ नका.” साहेबांनी पेन काढून झोकात लिहिलं: नापास. खाली सही ठोकली.

काम फत्ते. बायकोला हायसं वाटायला हवं होतं. डॉक्टर कागद फायलीत घालू लागल्या, तेवढ्यात साहेबांनी त्यावर हात ठेवला.

“एक ऐका. हे त्याला पत्राने कळवू नका. आणि त्याच्याआधी घरच्यांना तर मुळीच नको. मी आजवर एकालाही पाठीमागे नापास केलेलं नाही. समोर बसवायचं, चूक दाखवायची, शिव्या खायच्या. लायसन गेलं तर माणूस सावरतो हो. आपल्या माघारी ठरलं, हे कळलं की मोडतो.”

बायको नवऱ्याच्या डाव्या हाताला बसली होती. ती उठली, वळसा घालून उजवीकडे आली आणि खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसली.

“अगं,” साहेब म्हणाले, “तू इथेच होतीस?”