बारा तास काळोख

"वय काय झालं म्हणालात झाडांचं?" नागसेननं विचारलं.

"चौदा आठवडे. दहाव्याला आपोआप फुलावर येणार होती." रणजीतनं एक पान उलटं करून पाहिलं आणि सोडून दिलं. रंगाच्या तीन रिकाम्या बादल्या, त्यांत छातीला लागतील अशी गांजाची तीन झाडं. पाला असा माजलेला की कुणीही दृष्ट काढावी. कळी मात्र एकही नाही.

निघोज्यातल्या या घरात मागची खोली प्रज्वलची, रणजीतच्या धाकट्या भावाची. बी त्यानंच कुठून तरी मागवलं होतं, लावलंही त्यानंच, आणि रोपं गुडघ्याएवढी झाली तेव्हा तो तळेगाव रस्त्यावर कंटेनरखाली गेला. त्याला सात आठवडे झाले. मित्रांनी चौकात लावलेला श्रद्धांजलीचा फ्लेक्स उतरवल्यावर रणजीतनं तोच या खिडकीवर ताणला होता, शेजाऱ्यांना झाडं दिसू नयेत म्हणून. चेहरा आतल्या बाजूला ठेव, एवढंच आई म्हणाली. त्यामुळे खोलीत पाऊल टाकलं की प्रज्वल गॉगल लावून समोर हजर. रणजीतला त्याच्याकडे तोंड करून उभं राहता येत नसे, आणि पाठ करूनही नाही.

रणजीत आणि नागसेन दोघेही चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. तिथं एखादा बोल्ट सैल निघाला तरी पाच वेळा 'का' विचारून कागद भरावा लागतो. एवढी सवय जडते की माणसं बायकोशी झालेलं भांडणही त्याच नमुन्यात सोडवायला बघतात. रणजीतनं तसाच एक कोरा कागद घरी आणला होता. पहिला का: फूल का नाही? त्यापुढे खत, पाणी, कीड असं लिहून सगळं खोडलेलं होतं.

पलीकडच्या खोलीत रणजीतचे वडील उद्धवराव कण्हले. कॅन्सर हाडांत उतरला होता. दवाखान्याच्या गोळ्या पोटात टिकत नव्हत्या, आणि आताशा दिवस कुठला, रात्र कुठली याचंही भान सुटत चाललं होतं. 'फुलं आली की तुपात कढवून देतो, अण्णा. झोप लागेल,' असं प्रज्वल म्हणाला होता. खरंच लागली असती की नाही, देव जाणे. पण अण्णा त्या झोपेची वाट बघत होते, आणि ते कण्हले की रणजीतला स्वतःची लाज वाटायची.

नागसेन आढ्याला टांगलेल्या पांढऱ्या दिव्याकडे बघत होता. "हा बंद कधी होतो?"

"नाही होत. प्रज्वल म्हणायचा, या जातीला उजेड-अंधाराचं काही नसतं. वय झालं की फुलते."

"मग ही ती जातच नाही, भाऊ. पाकिटावर एक आणि आत भलतंच. साधं बी आहे हे." नागसेन खात्रीनं बोलत होता. "कंपनीत लागायच्या आधी मी शेवंतीच्या मळ्यावर होतो. फुलं लांबवायची असली की आम्ही रात्रीचे बल्ब लावायचो. झाडाला वाटतं, अजून दिवस मोठा आहे. तुम्ही संध्याकाळी सातला दिवा बंद करा, सकाळी सातला लावा. बारा तास सलग काळोख. बघा मग कळी धरते की नाही."

रणजीतनं भराभर लिहिलं. दुसरा का: बी साधं आहे. तिसरा का: दिवा रात्रभर चालू. चौथा का, दिवा रात्रभर चालू का? इथं पेन थांबलं. उत्तर त्याला माहीत होतं, पण ते लिहायला हात होईना.

दारात शालनबाई चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"आई, हा दिवा..."

"पोरांच्या शिफ्टा सुरू झाल्यापासनं या घरात रीत हाय," त्या नागसेनला सांगू लागल्या. मुलाकडं त्यांनी बघितलंच नाही. "शेवटी यील त्यानं दिवा मालवायचा. सेकंडवाला येतो रातच्याला एक वाजता, मागल्या दारानं, ह्याच खोलीतनं. अंधारात ठेचकाळाया नको. आमी दोघं पडल्या पडल्या बटनाचा आवाज ऐकायचो, मगच डोळा लागायचा. त्या दिवशी परज्या सेकंडला गेलता. मी दिवा लावून ठिवलेला. त्यो काय न्हाई आला बंद कराया. मग मी कशी करू?"

नागसेननं कप हातात घेतला, पण प्यायला नाही. रणजीतनं कागदाची घडी केली. "राहू दे आई," तो म्हणाला. "दुसरं काहीतरी बघू."

दुसरं काही नव्हतं. ते तिघांनाही कळत होतं.

उद्धवराव पुन्हा कण्हले. या खेपेला बराच वेळ. शालनबाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. सात वाजून गेले होते. ओला हात त्यांनी पदराला पुसला आणि बटणाकडं नेला. एकदा मागं घेतला. पुन्हा नेला.

खट्ट आवाज झाला. खोली, झाडं, फ्लेक्स, काहीच दिसेनासं झालं.

पलीकडचं कण्हणं मध्येच थांबलं.

"परज्या आला का गं?" उद्धवरावांनी विचारलं. कितीतरी दिवसांत त्यांचा आवाज एवढा स्वच्छ निघाला नव्हता.

"व्हय," शालनबाई अंधारातनंच म्हणाल्या. "आला. झोपा आता."