लिलीच्या वाफ्यापाशी जमलेलं स्थळ

"अगं, लग्नाला पांढरा कागद? तो तर सुतकाचा! तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" छत्री उघडता उघडता चाओबाई ओरडली.

"लाल संपले," रुइफांग म्हणाली. "सात वर्षं झाली. किती पुरणार?"

दातोंग शहरातल्या या बागेत दर रविवारी आईबाप मुलामुलींची स्थळं घेऊन बसतात. समोर उघडी छत्री, छत्रीवर लाल कागद, कागदावर सगळी माहिती. रुइफांगचा कागद काल तिच्या लेकीनं, यानलीनं, आदळआपट करत ऑफिसातून छापून आणला होता. वर काळापांढरा फोटो, खाली नाव, जन्मसाल आणि 'अविवाहित'. बास.

"एवढंच मिळेल. आणि उद्याचा रविवार शेवटचा. घे शपथ," यानली म्हणाली होती.

रुइफांगनं घेतली शपथ. करते काय? तिचेही गुडघे आता कुरकुरत होते.

चाओबाईच्या रांगेत जागा नव्हती. असती तरी तिथं बसायची हौस कुणाला होती? 'अजून नाही का जमलं?' या प्रश्नाचा रुइफांगला वीट आला होता. ती पार टोकाला, लिलीच्या वाफ्यापाशी जाऊन बसली. लिली ऐन बहरात होती, कमरेएवढी उंच, पिवळीधमक. यातलं प्रत्येक फूल एकच दिवस टिकतं. कालची फुलं चिंध्यांसारखी लोंबत होती. ही फुलं पाहिली की आईला काळजीचा विसर पडतो म्हणे. म्हणणाऱ्याच्या घरी अडतीस वर्षांची मुलगी नसावी.

दहा वाजेपर्यंत कुणी फिरकलं नाही. एक म्हातारी आली, ती सूपसाठी कळ्या खुडायला. रखवालदारानं शिट्टी मारली तशी ती पळाली.

मग एक काटकुळी बाई आली. छत्र्यांच्या रांगांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. तिनं कागद वाचला, पुन्हा वाचला आणि शेजारी टेकली.

"लांबून कागद दिसला म्हणून आले," ती म्हणाली. "मी हाओ. एकच मुलगा मला. तीस वर्षांचा."

"माझी अडतीसची आहे, ताई. आधीच सांगते."

"वयाचं काय घेऊन बसायचं आता!"

रुइफांगनं तिच्याकडे नीट पाहिलं. बाई थट्टा करत नव्हती.

"नोकरी?"

"खाणीत होता. कोळशाच्या."

"सोडली का? बरं झालं बाई. खाण माणसाला खाते."

हाओबाईनं नुसती मान हलवली.

"आणि राहायचं?"

"जागा छान आहे. दक्षिणेकडे तोंड, मागं टेकडी. त्याच्या वडिलांनी स्वतः निवडली. दोघांना पुरेल." ती थांबली. "फार एकटा आहे हो तो. त्या विचारानं माझा डोळ्याला डोळा लागत नाही."

आता खरं सांगायला हवं होतं. सगळी स्थळं इथंच मोडायची. इथवर आलं की समोरच्या बाईला हमखास बस आठवायची.

"लपवत नाही, ताई. तीन वर्षांपूर्वी तिचं ऑपरेशन झालं. पिशवी काढली."

हाओबाई उठली नाही. तिचे डोळे भरून आले. "फार सोसलं असेल लेकरानं."

"फार. पण आता काही त्रास नाही."

"नाही. आता कसला त्रास," हाओबाई म्हणाली आणि तिनं रुइफांगचा हात हातात घेतला.

सात वर्षांत या बागेत कुणी तिचा हात धरला नव्हता. रुइफांगला हुंदका आवरेना.

"देण्याघेण्याचं काय?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"काही नको. लाल कपडे दोघांनाही मीच आणीन. माणसं चांगली हवी होती, ती मिळाली."

"मग जमलं म्हणायचं?"

"जमलं."

"पाणी पिऊन आले हं," असं म्हणून रुइफांग नळाकडे गेली आणि तिनं लेकीला फोन लावला.

"आई, मी अजून अंथरुणात आहे."

"ऊठ. ऑपरेशनचं सांगितलं मी. ती रडली गं. उठून गेली नाही."

पलीकडे पांघरूण बाजूला सारल्याचा आवाज आला. मग यानली हळूच म्हणाली, "खरंच नाही गेली?"

"नाही गेली. बसलीय अजून."

"स्कूटरवर वीस मिनिटं लागतील मला. आई... काय घालू?"

सात वर्षांत पोरीनं हे कधी विचारलं नव्हतं. रुइफांगनं तोंडावर पाणी मारलं आणि ती परत आली. लेक येतेय हे तिनं मुद्दामच सांगितलं नाही. एकदम समोर उभी करू, बघू दे की चारचौघींत उठून दिसते ती. हाओबाईनं पिशवीतून वाफवलेला पाव काढला, अर्धा तिला दिला. दोघी खात राहिल्या. किती दिवसांनी घशाखाली घास नीट उतरत होता.

तेवढ्यात फाटकातून यानली आत आली. निळा झगा, काखेत हेल्मेट, केस नीट विंचरलेले. ती छत्र्यांमधून आईला शोधत होती. रुइफांगनं हात वर केला.

हाओबाईची फाटकाकडे पाठ होती. ती पिशवीत वही चाचपत होती.

"एक विचारायचं राहिलंच, ताई," ती म्हणाली. "मुहूर्त काढणाऱ्याला दोघांच्याही तारखा लागतात. माझा मुलगा मातीत एकटा पडलाय त्याला येत्या महिन्यात सहा वर्षं होतील. आता लग्न लावून दोघांना शेजारी शेजारी निजवू. तुमची लेक कधी वारली?"